मूल ही दानाची वस्तू नव्हे

दूरदेशीच्या एखाद्या सधन दांपत्याने आपल्याकडील दरिद्री मुलाला आपले म्हणावे, त्याच्या अन्नवस्त्राचा व शिक्षणाचा भार उचलावा, ही गोष्ट ऐकावयास गोड वाटते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर दिवस काढले, ज्यांच्या लेकरांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसावे लागले, त्यांना तर अशी बातमी म्हणजे भाग्याचे दार उघडल्यासारखीच वाटावी. परंतु जी गोष्ट मनाला गोड वाटते ती बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, ही शिकवण घेऊनच आपण धम्माच्या मार्गावर पाऊल टाकले आहे. म्हणून परदेशस्थ परकीयाने आपल्याकडील वंचित मूल दत्तक घेणे अथवा त्याचे आर्थिक पालकत्व पत्करणे, या प्रश्नाचा विचार भावनेच्या भरात न करता शांतपणे करणे अगत्याचे आहे. मदत चांगली की वाईट एवढाच हा प्रश्न नाही. या व्यवहारात मुलाचे स्थान काय, ते हक्काचे धनी आहे की दुसऱ्याच्या पुण्यसंचयाचे साधन आहे, हा खरा प्रश्न होय.

दत्तक आणि पालकत्व

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. बोलण्याच्या ओघात आपण दत्तक हा शब्द फार सैलपणे वापरतो. कोणी गाव दत्तक घेतो, कोणी शाळा दत्तक घेतो, कोणी विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च देऊन 'हा मुलगा मी दत्तक घेतला' असे म्हणतो. कायद्याला हा सैलपणा मान्य नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा नावाने हिंदू असला, तरी तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. धर्मांतराने आपण हिंदू राहिलो नाही. तथापि दत्तकाच्या बाबतीत कायद्याने आपल्याला त्याच सदरात बसविले आहे, ही वस्तुस्थिती प्रत्येक बौद्ध कुटुंबाने ध्यानात ठेवावी. या कायद्याप्रमाणे दत्तक गेलेले मूल त्या दिवसापासून सर्व प्रकारे नव्या घराचे होते. जन्मघराशी असलेले त्याचे कायदेशीर नाते तुटते. एकदा विधिपूर्वक झालेले दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. आईबाप उद्या रडले, पस्तावले, तरी सुटलेला बाण भात्यात परत येत नाही. दत्तकाच्या बदल्यात पैसा देणे वा घेणे हाही याच कायद्याने गुन्हा ठरविला आहे.

पालकत्वाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे मूल आपल्या आईच्या कुशीत, आपल्या भाषेत, आपल्या वस्तीत राहते. दूरचा दाता केवळ त्याच्या शिक्षणाचा किंवा पोषणाचा खर्च देतो. नाते तुटत नाही, नाव बदलत नाही, देश सुटत नाही. एका शब्दाने मूल कायमचे जाते आणि दुसऱ्याने ते घरी राहून शिकते. एवढे अंतर ज्या दोन शब्दांत आहे, त्यांची गल्लत होऊ देणे म्हणजे निरक्षर आईबापांच्या हातून त्यांना न कळणाऱ्या कागदावर अंगठा उमटविणे होय.

ही भीती काल्पनिक नाही. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर या शतकाच्या पहिल्या दशकात नेमके हेच घडले. आमची लेकरे अमेरिकेत जाऊन शिकतील, त्यांची पत्रे व छायाचित्रे येत राहतील आणि अठरा वर्षांची झाली की ती परत घरी येतील, अशी तेथील आईबापांची समजूत करून देण्यात आली होती. इकडे अमेरिकेतील दांपत्यांना सांगण्यात आले की, या मुलांना घरच्यांनी सोडून दिले आहे. दोन्ही बाजूंची माणसे भली होती. मधले दलाल भले नव्हते. २००७ साली या प्रकरणी अमेरिकेत खटला भरला गेला. पण तोवर मुले नव्या घरात रुळली होती, जुन्या घरात आया वाट पाहत होत्या, आणि कोणत्याही न्यायाने हे दोन्ही दुःख एकदम मिटणे शक्य नव्हते.

कायदा कसा घडला

आपल्या देशात या व्यवहाराला शिस्त लागली ती सहजासहजी नव्हे. परकीय नागरिकाला येथील मूल दत्तक घेता येईल असा कायदाच पूर्वी नव्हता. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार घेऊन परकीय व्यक्ती न्यायालयाकडून मुलाचे पालकपद मिळवीत, मूल आपल्या देशी नेत आणि तेथील कायद्याने त्याचे दत्तकविधान उरकीत. मधल्या काळात ते मूल कोणाचेच नसे. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचे विधेयक १९७२ साली संसदेत आले. ते कायद्यात उतरले नाही.

पुढे लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. भारतीय मुले परदेशी पाठविण्याच्या व्यवहारात चाललेल्या गैरप्रकारांकडे त्यांनी त्या पत्रात लक्ष वेधले होते. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेला निकाल हा या विषयाचा पाया आहे. त्या निकालाने एक क्रम ठरवून दिला. मुलाचा पहिला हक्क आपल्या जन्मदात्यांच्या मायेवर. ते शक्य नसेल तर आपल्याच देशातील दुसऱ्या कुटुंबावर. तेही न साधले, तरच परदेशी घराचा विचार. परकीयाने परस्पर गावात येऊन, कोणाच्या ओळखीने, मूल निवडून न्यावे, हा मार्ग न्यायालयाने बंद केला; मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच अर्ज झाला पाहिजे असे ठरले.

त्यानंतर १९९० साली केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ज्याला 'कारा' म्हणतात ते, अस्तित्वात आले. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला व १९९२ साली भारताने तो स्वीकारला. देशांतर्गत सोय होत नसेल तरच परदेशी दत्तकाचा मार्ग, आणि त्या व्यवहारातून कोणाचाही अनुचित आर्थिक लाभ होता कामा नये, ही दोन्ही तत्त्वे त्या करारात आहेत. आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा हेगचा करार १९९३ साली झाला; भारत २००३ साली त्यात सामील झाला.

आज या सर्वांचे सार २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात आलेले आहे. असमर्थ आईबापांना मूल सोपवावयाचे असेल तर ते कोणा संस्थाचालकाच्या खोलीत नव्हे, बालकल्याण समितीपुढे सोपवावे लागते. आणि सोपविल्यावरही पुनर्विचारासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत कायद्याने दिली आहे. त्या मुदतीत आई परत आली तर तिचे मूल तिला मिळाले पाहिजे. मूल दत्तकास मोकळे आहे असे समितीने जाहीर केल्यावर साठ दिवसांत भारतीय घर मिळाले नाही, तर ते परदेशी कुटुंबास देता येते. अपंग मुले, एकत्र ठेवावयाची भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांच्या बाबतीत परदेशी दत्तकास प्राधान्य देण्याची सवलत आहे. कारण अशा मुलांना घर देण्यास आपला समाज अजून पुरेसा पुढे येत नाही, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

परदेशी राहणाऱ्या परकीयाला आपल्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेकडे किंवा तेथील सरकारी यंत्रणेकडेच अर्ज करावा लागतो. त्याच्या घराची चौकशी होते, काराचा ना-हरकत दाखला लागतो, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. मूल परदेशी पोहोचल्यावर दोन वर्षेपर्यंत त्याच्या खुशालीचे अहवाल पाठविणे त्या देशातील संस्थेला बंधनकारक आहे. एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. १९५६ च्या कायद्याने नात्यातल्या नात्यात दत्तक दिलेले मूल जर परदेशी न्यावयाचे असेल, तर नुसत्या दत्तकपत्राने भागत नाही. सप्टेंबर २०२१ च्या नियमांपासून जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी व काराचा दाखला तेथेही लागतो. ही पद्धत डावलून मूल देणाऱ्यास व घेणाऱ्यास तीन वर्षेपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

इतर देशांचा धडा

एवढे कुंपण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतर देशांच्या अनुभवात आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धाने कोरिया होरपळला. १९५५ साली हॅरी होल्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तेथील आठ मुले आपल्या घरी नेली. हेतू धार्मिक व दयेचा होता. परंतु दयेच्या त्या पायवाटेचा पुढे राजमार्ग झाला. युद्धाच्या जखमा भरून आल्या, देश श्रीमंत झाला, तरी मुले जातच राहिली. एकट्या १९८५ साली आठ हजारांहून अधिक मुले परदेशी गेली. सत्तर वर्षांत ही संख्या दोन लाखांच्या घरात पोहोचली. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने निष्कर्ष काढला की, आईबाप जिवंत असलेल्या मुलांची अनाथ म्हणून खोटी नोंद झाली, एका मुलाच्या कागदांवर दुसरे मूल पाठविले गेले, आणि हे थांबविण्याचे आपले कर्तव्य सरकारने केले नाही.

श्रीलंका हा तर बौद्धांचा देश. तेथून १९८० च्या दशकात सुमारे अकरा हजार मुले युरोपात गेली. त्यांतील अनेकांचे जन्मदाखले बनावट होते. न्यायालयापुढे 'मी आई' म्हणून उभी राहिलेली स्त्री ही कित्येकदा भाडोत्री होती. २०१७ साली तेथील आरोग्यमंत्र्यांनी हे गैरप्रकार झाल्याचे मान्य केले. नेदरलँड्सच्या चौकशी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया, कोलंबिया व ब्राझील येथून झालेल्या दत्तकांतील गैरप्रकार उघड केले. २०२४ साली त्या देशाने परदेशी दत्तकाची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. चीननेही सप्टेंबर २०२४ मध्ये, आप्तांचा अपवाद सोडून, आपली मुले परकीयांस दत्तक देणे थांबविले.

या सर्व कथांचा गाभा एकच आहे. दयाळू माणसे वाईट होती असे नव्हे. मूल हवे असणारी घरे पुष्कळ आणि खरोखर निराधार मुले थोडी, असे जेथे होते तेथे मुलाला किंमत येते. आणि किंमत आली की अनाथ नसलेले मूल अनाथ करून दाखविणारा माणूस उभा राहतो. आपल्या देशातही आज हीच विषम स्थिती आहे. २०२४-२५ या वर्षात भारतात ४,५१५ मुले दत्तक गेली. त्यांपैकी ४,१५५ देशातच राहिली. आणि मूल मिळावे म्हणून नोंदणी करून बसलेली कुटुंबे मात्र अलीकडच्या वर्षांत तीस हजारांच्या वर आहेत. मागणीचा हा रेटा शेवटी कोणाच्या झोपडीच्या दारावर येऊन धडकतो? सावकाराच्या वाड्यावर नव्हे. तो धडकतो विधवेच्या, ऊसतोड मजुराच्या, फसविल्या गेलेल्या कुमारी मातेच्या दारावर. म्हणून या प्रश्नाकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

धम्माची कसोटी

या बाबतीत आपला धम्म मूक नाही. राहुलाला सारिपुत्ताने प्रव्रज्या दिली, तेव्हा वृद्ध शुद्धोदन तथागतांकडे आला. आधी मुलगा गेला, मग दुसरा गेला, आता नातूही गेला, हे दुःख त्याने भगवंतांपुढे मांडले आणि मातापित्यांच्या संमतीवाचून कोणाच्याही मुलास प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली. तथागतांनी ती मान्य करून तसा नियम घालून दिला. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकीकत आलेली आहे. विचार करा, मूल कोठे चालले होते? सद्धर्माच्या संघात, आणि तेही प्रत्यक्ष आपल्या पित्याकडे. याहून चांगले ठिकाण कोणते? तरीही ठिकाण चांगले आहे एवढ्यावरून घरच्यांची संमती डावलता येत नाही, असे भगवंतांनी ठरविले. मग 'आम्ही मुलाला सुखात ठेवू' एवढे म्हणणाऱ्याला ती डावलण्याचा अधिकार कोठून येणार?

याउलट वेस्संतर जातकाची कथा पाहावी. दानशूर राजपुत्र आपली जाली आणि कण्हाजिना ही दोन लेकरे जूजक ब्राह्मणाला देऊन टाकतो. भेदरलेली मुले तळ्यात जाऊन लपतात. दानाची पराकाष्ठा म्हणून ही कथा शतकानुशतके सांगितली गेली. परंतु मिलिंद राजाने नागसेनाला या दानाविषयीच छेडले होते. दुसऱ्याला दुःखात लोटून केलेले दान हे दान कसे, असा त्याचा रोख होता. नागसेनाने आपल्या परीने उत्तर दिले. तथापि राजाचा प्रश्न आजही जिवंत आहे. शेवटी आजोबांनी द्रव्य देऊन त्या मुलांना सोडवून घरी आणले, हे कथेतच आहे. म्हणजे मुलांची जागा घरी होती हे कथाकारालाही ठाऊक होते. दान द्यावे ते आपल्या कमाईचे. मूल ही आईबापांची कमाई नव्हे आणि संस्थाचालकाची तर नव्हेच नव्हे.

पालकत्वाचे मोल आणि मर्यादा

मग परदेशस्थ सज्जनाने हात आखडून बसावे काय? मुळीच नाही. दूरच्या मुलाचे पालकत्व घेण्याची पद्धत १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धातील मुलांसाठी वापरली गेली. १९५२ साली कोरियातील अनाथांसाठी कंपॅशन इंटरनॅशनल ही संस्था निघाली. अशा पालकत्वाने मुलांचे खरोखर हित होते काय, याचा शोध काही अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती घेऊन केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, पालकत्व लाभलेली मुले इतरांपेक्षा सरासरीने एक ते दीड वर्ष अधिक शिकली. जेथे चौथीनंतर मुलीला गुरांमागे पाठवितात, तेथे वर्षदीड वर्ष ही लहान गोष्ट नव्हे.

पण याच प्रकाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तो अभ्यास ज्या संस्थेच्या कामाचा होता, त्याच कंपॅशन इंटरनॅशनलला २०१६ साली भारत सरकारने पूर्वपरवानगीच्या यादीत टाकले. तिच्या पैशातून धर्मांतर होते हा सरकारचा आरोप होता; संस्थेने तो नाकारला. मार्च २०१७ मध्ये तिने येथील काम गुंडाळले. भारतातील सुमारे १,४५,००० मुलांचे पालकत्व तिच्यामार्फत चालत होते. आरोप खरा की खोटा, या वादात आम्ही पडत नाही. आम्हांला एवढेच दिसते की, सरकार व संस्था या दोघांच्या भांडणात त्या मुलांना कोणी विचारले नाही. ज्याचा पाया दुसऱ्याच्या मर्जीवर आहे ते घर एका सहीने कोसळते. शिष्यवृत्ती हा हक्क असतो, तो काढून घेतला तर त्यासाठी लढता येते. दयेसाठी कोणत्या न्यायालयात दाद मागावी?

म्हणूनच परमपूज्य बाबासाहेबांनी मुलांच्या शिक्षणाची तजवीज करताना दयेवर भिस्त ठेवली नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेस गेले. परंतु ती करार करून, परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याची अट उघडपणे मान्य करून घेतलेली शिष्यवृत्ती होती. देणाऱ्याने अट लपविली नाही, घेणाऱ्याने मान खाली घातली नाही. पुढे १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले ते मुलांनी आपल्याच माणसांत राहून शिकावे म्हणून. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्तीची तरतूद त्यांनी करून घेतली. १९४४ पासून चालत आलेल्या त्या व्यवस्थेने लाखो घरांत पहिला पदवीधर दिला. साह्य वैयक्तिक कृपेकडून सार्वजनिक हक्काकडे नेणे, ही त्यांची दिशा होती.

परदेशी साह्यालाही हीच दिशा देता येते. १९८० साली ब्रिटनमधील बौद्धांनी स्थापन केलेल्या करुणा ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी तेथील दारोदार फिरून सामान्य माणसांकडून दरमहा छोट्या रकमा मिळविल्या आणि त्या महाराष्ट्रातील वंचित मुलामुलींच्या वसतिगृहांना व शाळांना साह्य म्हणून पाठविल्या. मूल कोठे नेले नाही. मुलाजवळ साधन आणले. आमच्या मते परकीयाने करावयाच्या साह्याची ही उत्तम रीत होय.

अर्थात पैशाचा मार्ग कायद्याचा असला पाहिजे. परकीय नागरिकाची देणगी येथील संस्थेला घ्यावयाची, तर २०१० च्या परकीय अभिदाय नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते, आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई आहे. या शेवटच्या अटीने खेड्यापाड्यांतील लहान वसतिगृहांची कोंडी केली आहे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परदेशी राहणारा जो भारतीय नागरिक आहे, त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम मात्र परकीय धरली जात नाही. आपल्या परदेशस्थ बांधवांनी ही सवलत ओळखून आपल्या गावच्या वसतिगृहाकडे पाहावे.

आपले कर्तव्य

आमच्या वाचक कुटुंबांना आम्ही आग्रहाने सांगतो: कोणी येऊन म्हणाले की 'मूल द्या, परदेशात शिकेल', तर पहिला प्रश्न विचारा, शिकून परत येणार की कायमचे जाणार? दुसरा प्रश्न विचारा, हा कागद बालकल्याण समितीपुढे होणार की परस्पर? तिसरा प्रश्न विचारा, मूल घरी ठेवून हाच खर्च का देत नाही? ज्याचा हेतू शुद्ध आहे तो या प्रश्नांनी रागावणार नाही. जो रागावेल त्याला दारातूनच परत पाठवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. पैसे घेऊ नका. कर्ज कितीही असो, मूल हे कर्जाचे उत्तर नव्हे. संकटात असाल तर १०९८ या क्रमांकावर बालसंरक्षणाची मदत मिळते. विधवा, परित्यक्ता, किंवा असाध्य आजाराने गांजलेल्या पालकांच्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियमातच सरकारी पालकत्वाची तरतूद आहे. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. ती रक्कम मागणे ही भीक नव्हे.

परदेशस्थ सज्जनांना आमचे सांगणे असे की, मूल शोधण्यापूर्वी त्याची आई शोधा. दारिद्र्य हे मूल तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. दारिद्र्य हे आईला साह्य करण्याचे कारण आहे. एका मुलाच्या छायाचित्रापेक्षा त्याच्या सगळ्या वर्गाचा विचार करा, म्हणजे एकाच्या पाटीवर नवी अक्षरे आणि शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी असे होणार नाही. मुलाकडून वारंवार आभारपत्रे मागवू नका. कृतज्ञतेचे ओझे दप्तराहून जड असते. आणि ज्याला खरोखर कोणी नाही, ज्याचे अपंगत्व पाहून आम्ही पाठ फिरविली, अशा मुलाला तुम्ही विधिपूर्वक आपले म्हणालात, तर आम्ही तुमचे ऋणी आहोत. फक्त त्याचे मूळ त्याच्यापासून लपवू नका. त्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. ते सज्ञान झाल्यावर आपल्या जन्माचा शोध घेऊ इच्छील, तर तो मार्ग आपल्या देशाच्या नियमांनी मोकळा ठेवला आहे.

राहता राहिला आपला समाज. अपंग मुलाला घर देण्यास परदेशातून माणूस यावे लागते आणि आपल्यातील सुस्थितीत असलेली घरे गोऱ्या, गुटगुटीत तान्ह्या मुलाची वर्षानुवर्षे वाट पाहत बसतात, हे आपल्या धम्माला शोभणारे नाही. जन्मावरून माणसाची पारख करणारी व्यवस्था आपण नाकारली. मग मूल निवडताना त्याचे कूळ, रंग आणि अवयव आपण कोणत्या तोंडाने मोजतो? ज्याच्या पोटी जन्मलो त्यावरून माणसाचे मोल ठरत नाही, हे आपण जगाला सांगितले आहे. ते आपल्या घराच्या उंबरठ्यावर सिद्ध करण्याची ही संधी आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीत शाळेबाहेर राहिलेले मूल कोणते, आणि आईबापांवाचून वाढणारे मूल कोणते, याची नोंद ठेवावी. त्या मुलाचा हात आपण आधी धरला, तर दुसऱ्या कोणाला तो सोडवून न्यावा लागणार नाही.